आकृती क्रमांक चौदा

संगणकाच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे ओळीने उभी होती आणि शेवटच्या ओळीखाली एक आडवी रेघ लुकलुकत होती. शितूत सरांचे बोट पडद्यापासून चार अंगुळे अलीकडे हवेत थांबले होते. काचेला हात लावू नये, अशी सूचना वहीच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवलेली होती, आणि गेल्या तीन महिन्यांत ती पाळण्याची सवय त्यांच्या बोटालाही लागली होती. वातानुकूलन यंत्र घरघरत होते. काचेच्या दाराबाहेर पादत्राणे काढूनच आत यावे लागे. त्यामुळे पायांत नुसते मोजे होते, आणि डाव्या मोज्याचा अंगठा फाटला आहे हे त्यांना नेमके याच क्षणी, कशाशी काही संबंध नसताना, जाणवले. ‘हे नाव इथे नको,’ असे ते म्हणाले होते. त्याला एखादे मिनिट झाले असेल. खुर्चीवर बसलेली मुलगी कळफलकावरचे हात न काढता पडद्याकडे पाहत होती. तिने मान हलवली नव्हती. होकारार्थी नाही आणि नकारार्थीही नाही. तिच्या ओढणीचे टोक खुर्चीच्या चाकाजवळ लोंबत होते. ते चाकात अडकेल, असे तिला सांगावे असे त्यांच्या मनात आले. पण त्या शांततेत पहिले वाक्य ओढणीविषयी असावे, हे त्यांना विचित्र वाटले.

प्रबंध तीनशे बारा पानांचा होता. भाट्याच्या खाडीतल्या चिखलात राहणाऱ्या माशांवर त्यांनी अकरा वर्षे काम केले होते. कॉलेजातल्या तासांमधून, परीक्षांच्या पर्यवेक्षणांमधून, आईच्या आजारपणामधून उरलेल्या वेळाची ती अकरा वर्षे. एकत्र जोडली तर कदाचित तीनच भरली असती. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपण विद्यार्थी आहोत याची लाज त्यांना वाटेनाशी झाली होती. गावात संगणक एकच ठिकाणी होता, जयस्तंभाजवळच्या माडीवर, आप्पा पेडणेकरांच्या टंकलेखन वर्गात. कधी काळी तिथे आठ टंकयंत्रे एका वेळी वाजत आणि खाली रस्त्यावर कौलांवर आंबे पडल्यासारखा आवाज येई. आता ती आठही यंत्रे कापडी टोप्या घालून भिंतीला लागून बसली होती, लग्नघरात कोणी विचारत नाही अशा वडीलधाऱ्यांसारखी, आणि खोलीचा एक कोपरा काच लावून वेगळा केला होता. पहिल्या दिवशी आप्पांनी सरांना काचेपलीकडून संगणक दाखवला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. ह्याला जेवढं सांगाल तेवढंच तो करतो हो, शितूत सर, असे ते म्हणाले होते. आमच्या घरात असा एकजण असता तर मी हा धंदा कशाला केला असता. टंकलेखनाचे काम नसीमा करील, पोर हुशार आहे, मुंबईला जाऊन तीन महिने शिकून आली आहे. सरांनी हस्तलिखित आणि आकृत्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि सांगितले की आकृत्यांच्या खाली जे लिहिले आहे ते जसेच्या तसे घ्या. त्या वेळी हे वाक्य त्यांना वेळ वाचवणारे वाटले होते.

प्रबंध इंग्रजीत होता. पण सरांना एक जुनी खोड होती. इंग्रजी वाक्य वाचताना ते मनात त्याचे मराठी करीत, आणि मराठीत आले की त्या वाक्याला वास येई, तापमान येई. पडद्यावरची यादीही त्यांनी तशीच वाचली होती. आकृती एक, खाडीच्या मुखाचा नकाशा, पृष्ठ नऊ. आकृती दोन, ओहोटीच्या वेळचा चिखलपट्टा, पृष्ठ तेरा. आकृती तीन, बोय माशाचे पिल्लू, डावी बाजू, रेखाटन कमाल होडेकर, पृष्ठ एकवीस. आकृती चार, त्याच पिल्लाचे डोके, रेखाटन कमाल होडेकर. आकृती पाच, रेखाटन कमाल होडेकर. त्रेचाळीस आकृत्यांतल्या एकोणीस आकृत्यांशी ते नाव होते. तीनशे बारा पानांत विखुरलेले असताना ते कधी डोळ्यांत भरले नव्हते. एका आकृतीपासून दुसऱ्या आकृतीपर्यंत दहा-बारा पानांचा मजकूर असे, आणि तेवढ्या अंतरात माणूस काहीही विसरू शकतो. यादीने मधला मजकूर काढून टाकला होता. आता ती नावे एकाखाली एक आली होती आणि ओहोटीला चिखलातून वर दिसणाऱ्या लाकडी मेढ्यांच्या रांगेसारखी दिसत होती. भरतीत ज्यांच्यावरून होडी सहज निघून जाते त्या मेढ्या. आणि त्या रांगेत चौदाव्या जागी, पृष्ठ एकशे सव्वीसवर, दोन निवटी माशांचे ते चित्र होते.

नाव काढून टाकण्याला कारणही होते. कारण नसताना शितूत सरांनी आयुष्यात काही केले नव्हते. मुंबईहून मार्गदर्शकांचे पत्र आले होते आणि त्यात एका वाक्यात लिहिले होते की आकृत्या उत्कृष्ट आहेत, मात्र प्रबंध हे उमेदवाराचे स्वतःचे काम आहे असे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून वाटले पाहिजे. एवढेच. नाव काढा, असे त्यात नव्हते. हे वाक्य त्यांनी चार दिवस खिशात बाळगले होते. कॉलेजच्या पायऱ्या चढताना, भाजी घेताना, झोप येण्याआधी ते त्याला चाचपून पाहत, आणि प्रत्येक वेळी ते थोडे अधिक स्पष्ट, थोडे अधिक आज्ञेसारखे होत गेले होते. आता काचेच्या खोलीत ते उच्चारून झाले होते, आणि आपल्या आवाजात ते आपलेच वाटले होते.

“यादीतनं काढू की आकृतीखालनं पण?” नसीमाने विचारले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

यादीतून, असे ते म्हणाले. आकृतीखाली राहू दे. आपण हे उदारपणे बोललो असे त्यांना क्षणभर वाटलेही. आकृतीखाली नाव राहील. ज्याला एकशे सव्वीसाव्या पानापर्यंत जायचे आहे त्याला ते दिसेल. परीक्षक सहसा इतक्या आत जात नाहीत. त्यावर ती म्हणाली की यादी ती हाताने लिहीत नाही. प्रत्येक आकृतीच्या मजकुराजवळ ती टिंबापासून सुरू होणारी एक ओळ टाकते. ती ओळ कागदावर छापली जात नाही, पण यादी काढायला सांगितली की यंत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जाते, तशा सगळ्या ओळी उचलते आणि पुढे पानांचे आकडे घालून यादी करून देते. आत्ता यादीतून नाव खोडले तर खोडले जाईल, पण कुठे काही बदल झाला आणि यादी पुन्हा काढावी लागली, तर ते परत येईल. सरांनी मान डोलावली. टंकयंत्रावर ज्यांनी हयात घालवली त्यांच्या मनात पान म्हणजे पान असते. त्यावर पांढरे औषध लावून वर टंकले की प्रश्न मिटला. तिचे म्हणणे त्यांना ऐकू आले, कळले नाही. किंवा कळले, आणि कळल्याची नोंद त्यांनी केली नाही. आत्ता काढा, असे ते म्हणाले. मग एकोणीस वेळा ती आडवी रेघ नावाच्या शेवटाशी गेली आणि अक्षरे मागून पुढे गिळत आली. अक्षरे जाताना काहीच आवाज होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. कागदावर खोडले तर निदान खरखर होते.

त्या मंगळवारी घरी जाताना ते पुलाकडून गेले. वाट लांबची होती, पण पाय तिकडे वळले. ओहोटी होती. चिखलावर संध्याकाळचा उजेड तेलासारखा पसरला होता आणि राजिवडा वस्तीकडच्या बाजूला दोन बायका कमरेत वाकून बिळांत हात घालीत होत्या. त्यांच्या त्या वाकण्यात एक जुनी लय होती. अकरा वर्षांपूर्वी याच चिखलात, याच बाजूला, ते पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडून उभे होते आणि घोट्यांच्या वर रुतत होते, आणि चार हातांवर एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा फळीवर पालथा पडून एका बिळाकडे पाहत होता. कमाल पहिल्या वर्षाच्या विज्ञान वर्गात होता आणि त्या वर्षी नापास झाला. उत्तरपत्रिकांत त्याला चार वाक्ये धड लिहिता येत नसत. पण प्रात्यक्षिकाच्या वहीत त्याने काढलेल्या झुरळाला पाहून सर वर्गातच खुर्चीवर बसले होते. त्या झुरळाला वजन होते. त्याचे पाय कागदावर टेकलेले होते. सरांनी स्वतः पुष्कळ वर्षे कविता लिहिल्या होत्या, दोन-तीन अनियतकालिकांत त्या आल्याही होत्या, आणि वस्तूला शब्दात वजन यावे म्हणून माणसाला काय काय करावे लागते, आणि ते सगळे करूनही ते येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. या मुलाला ते येत होते आणि त्याला त्याचे काही वाटत नव्हते. रविवारी ओहोटी पाहून ते त्याला बोलावू लागले. पुढे ते राजिवड्यात त्याच्या घरीच जाऊ लागले. त्याचा बाप करीम होडेकर तेव्हा मचव्यावरून परत आलेला खलाशी होता. तो सरांसाठी खुर्ची मांडी आणि स्वतः उंबऱ्यावर बसून विडी ओढी. मास्तर, ह्या चिखलात पदवी हाय हा मना आधी कोनी सांगितला नाय, नायतर मी समुद्रात कशाला गेलो असतो, असे तो म्हणे आणि हसता हसता खोकू लागे.

निवटी हा मासा पाण्यात राहतो आणि पाण्याबाहेरही. ओहोटीला तो चिखलावर येतो, परांवर रेटत चालतो, डोळे वर काढून जगाकडे पाहतो. सरांना तो आपलासा वाटे. दोन्हीकडे असणे आणि कुठलेच पुरते नसणे, ही अवस्था त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी निवट्यांची मापे घेतली, वजने घेतली, शेकडो नोंदी केल्या, आणि त्यांतल्या दोन प्रकारच्या आकड्यांचा मेळ बसेना तेव्हा त्यांनी लिहिले की एक नर असावा आणि एक मादी. त्याच आठवड्यात कमालने दोन चित्रे पुढे ठेवली. शाई अजून ओली होती. एकाच्या पाठीवरचा पर शिडासारखा उभा, दुसऱ्याचा आखूड आणि कडेला ठिपके असलेला. सरांनी म्हटले की दोन वेगळ्या माशांसारखी का काढलीस, हे दोन्ही एकाच जातीचे आहेत. कमालने त्यांच्याकडे नवलाने पाहिले.

“हे दोन एक नाय, सर,” तो म्हणाला होता. “बीळ बगा ना. ह्याच्या बिळाला वर कठडा आसतो, त्याचा बीळ सपाट. हमिदाचाचीला विचारा, ती डोळे मिटून हात घालील नि सांगेल कोनता हाय.”

हमिदाचाचीला विचारायला ते गेले होते. ती खांद्यापर्यंत हात बिळात घालून बसली होती, आणि तोंड वळवून, एवढ्याशासाठी शिकलेला माणूस आपल्याकडे आला याचे हसू आवरीत, तिने सांगितले की कठड्याचा वेगळा, बिनकठड्याचा वेगळा, हे लहान पोरांनाही ठाऊक असते. कठड्याचा कालवणाला बरा लागतो. मग सरांनी दोन वर्षे परांतले काटे मोजले, दात पाहिले, कवट्या उकळून काढल्या, आणि ते सिद्ध केले. प्रबंधाचे चौथे प्रकरण ते हेच. मार्गदर्शकांनी समासात लिहिले होते, ‘हेच तुमचे.’ ते दोन शब्द वाचताना सरांना पाठीच्या कण्यातून काहीतरी उतरत गेल्यासारखे झाले होते; सुखही असेल ते. त्यांनी सिद्ध केले होते, यात खोटे काही नव्हते. पाहिले दुसऱ्याने होते. सिद्ध करणे आणि पाहणे यांत किती अंतर असते, हे विद्यापीठाच्या नियमांत कुठेच लिहिलेले नव्हते.

आणि तिथेच, त्या चिखलात, कमालने विचारले होते. पुस्तकात माझा नाव येल काय, सर? येईल की, ते म्हणाले होते, प्रत्येक चित्राखाली येईल, तूच घाल. वचन देणे त्या वेळी सोपे होते. पुस्तक नव्हते, पुस्तक होईल यावर दोघांपैकी कोणाचा विश्वासही नव्हता. म्हणून कमालने प्रत्येक चित्राच्या पायाशी, माशाचे नाव आणि जागा लिहून झाली की, आपले नाव घातले होते, ठाशीव आणि जरा जास्तच मोठ्या अक्षरात. तीन वर्षांनी तो मस्कतला गेला. जाण्याआधी भेटायला आला तेव्हा सर नेमके पेपर तपासत होते आणि उभ्याउभ्याच बोलणे झाले होते.

गुरुवारी ते पुन्हा माडीवर गेले तेव्हा मार्गदर्शकांनी मागितलेले एक छायाचित्र त्यांच्या पाकिटात होते. चिखलपट्ट्याचे, लांबून घेतलेले, माणसे नसलेले. ते आकृती तीन म्हणून घालायचे होते आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकणार होते. बाहेरच्या खोलीत आप्पा कोणाला तरी फोनवर मोठ्याने सांगत होते की छपाईची फीत चिपळूणहून आज येते म्हणाले होते, उद्या म्हणजे तुमचा उद्या की माझा उद्या. नसीमाने क्रमांक बदलले, नवी ओळ टाकली, दोन कळा दाबल्या, आणि यंत्र आतल्या आत कुरकुरत पानांमागून पाने चाळू लागले. मग जुन्याच फितीवर छपाई सुरू झाली. सुयांचे डोके कागदावरून करकरत इकडून तिकडे फिरू लागले आणि भोकांच्या कडांची लांबलचक पट्टी घड्या घालत खाली उतरली. सरांनी ती उचलली. आकृती चार, बोय माशाचे पिल्लू, रेखाटन कमाल होडेकर. आकृती पाच, रेखाटन कमाल होडेकर. त्यांची नजर खाली घसरत गेली. एकोणीस. सगळी परत आली होती, आपापल्या जागी, जणू मंगळवार झालाच नव्हता. निवट्यांचे चित्र तेवढे आता पंधरावे झाले होते, पण त्यांच्या मनात ते पुढेही चौदावेच राहिले.

आपण रागावलो आहोत, असे त्यांना आधी वाटले. राग आला नाही. आली ती एक थंड, जवळजवळ शास्त्रीय उत्सुकता, बाटलीतला नमुना उलटा करून पाहावा तशी. हे असे कसे झाले, असे त्यांनी विचारले. तिने मंगळवारी सांगितलेलेच पुन्हा सांगितले, त्याच शब्दांत, वाक्याचा सूरही न बदलता. नावे मुळात आकृत्यांजवळ आहेत. तिथे आहेत तोवर ती यादीत येत राहणार. घालवायची तर एकोणीस ठिकाणी जाऊन घालवायला हवीत, आकृतीखालचीही आणि टिंबाच्या ओळीतलीही. म्हणजे अडतीस वेळा. सरांनी म्हटले की मग तसे करू. सोमवारी बांधणीला द्यायचे आहे.

तिने हात कळफलकावरून काढले आणि मांडीवर ठेवले.

“माझ्या हातनं नाही होणार, सर. तुम्ही बसा. मी दाखवते कसं काढायचं.”

काचेपलीकडे आप्पांची पाठ दिसत होती. सरांना आवाज द्यायचा अवकाश होता. आप्पा आत आले असते, काय झालं बाय, असे म्हणाले असते, आणि सगळे रीतसर झाले असते, आणि सोमवारपासून या खुर्चीवर कदाचित दुसरी कोणी मुलगी बसली असती. हे तिलाही दिसत असणार. सरांनी आवाज दिला नाही. त्यांनी जे विचारले ते तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते. पावत्यांवर आप्पा नुसते नसीमा असे लिहीत आणि त्यांना तेवढे पुरले होते. तुमचं आडनाव काय, असे त्यांनी विचारले.

“होडेकर,” ती म्हणाली. आणि मग, “चौदाव्या चित्रातला पर मीच उघडून धरला होता. पिनेनं. तुम्ही मला हलू नको म्हणालात.”

राजिवड्याच्या त्या घरात, खिडकीखाली, एक लहान मुलगी होती खरी. आठ-नऊ वर्षांची, कमालची धाकटी बहीण. ती कायम तिथे असे आणि तिच्याकडे कोणी पाहत नसे. परातीत निवटी ठेवलेली असे आणि कमालला काटे मोजता यावेत म्हणून ती पिनेच्या टोकाने माशाचा पर ताणून धरी, तास तासभर, जीभ दातांत पकडून. सरांना तिची बोटे आठवली. शाई लागलेली, माशाच्या चिकटाने चकाकणारी. चेहरा आठवला नाही. त्यांनी समोरच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो त्या बोटांना जोडून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि तो जोडला जाण्याऐवजी आणखी दूर गेला. इतके दिवस ती त्यांचा प्रबंध टंकत होती. चौथे प्रकरणही तिने टंकले होते, अक्षर न् अक्षर. लेखकाच्या असे निदर्शनास आले, असे वाक्य त्यात सात वेळा होते.

मग तिने बाकीचे सांगितले, फार थोडक्यात, पडद्याकडे पाहत. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा कच्ची यादी छापली त्या दिवशी तिने एक प्रत जास्त काढली होती, आप्पांना विचारून, कागदाचे पैसे देऊन. ती मस्कतला पाठवली. कमाल तिथे बोटींवर क्रमांक रंगवतो. गेल्या महिन्यात बंदराजवळच्या मासेमारी खात्याच्या कचेरीत माशांची चित्रे काढणारा माणूस हवा असल्याचे त्याला कळले. तो गेला. त्यांनी विचारले की तुझे काम छापून आले आहे असे काही दाखव. त्याने यादी दाखवली. ते म्हणाले, हे कागद कोणीही काढील, बांधलेल्या प्रबंधातले पान आण, त्याच्यावर त्या विद्वानाची सही आण. ते पत्र परवा आले. मंगळवारी सर नाव इथे नको म्हणाले तेव्हा पत्र तिच्या पर्समध्ये होते.

“तेव्हा का नाही बोललात?” सरांनी विचारले.

“तुम्ही विचार करत होता,” ती म्हणाली.

ती उठली. सर तिच्या खुर्चीवर बसले. खुर्ची उबदार होती आणि त्यांच्या मानाने उंच. फाटक्या मोज्याचा पाय जमिनीला पुरता टेकेना. तिने वाकून चार कळा दाखवल्या. ही पुढच्या पानाला नेते, ही मागचे अक्षर काढते, आणि ह्या दोन एकदम दाबल्या की बाहेर पडता येते. मग ती काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सरांनी पहिले पान आणले. कमाल होडेकर. पडद्यावर ते इंग्रजीत होते. शेवटचे अक्षर र. ते गेले. मग क. मग डे. मनात ते मराठीच होत राहिले आणि मराठीतच जात राहिले. इतकी अक्षरे काढताना माणसाला नाव वाचावेच लागते, आणि तेही उलटे. दुसऱ्या बाजूला त्यांचे स्वतःचे नाव होते, शीर्षकपानावर, बी. व्ही. शितूत असे; भिकाजी हे त्यांनी कुठेच पूर्ण लिहिले नव्हते. आधीचे दोन मुलगे गेले म्हणून आईने मागून घेतलेले ते नाव होते. शाळेत मुले चिडवीत तेव्हापासून ते त्याला दोन अक्षरांत झाकून वावरत आले होते. नाव झाकणे त्यांना इतके अंगवळणी पडले होते की दुसऱ्याला ते उघडे लागते, पानावर, ठाशीव, जरा जास्तच मोठ्या अक्षरात, हे त्यांच्या ध्यानातच आले नसेल. त्यांनी ही कल्पना तपासून पाहिली. ती बरी होती. तिच्यात आपली थोडी कीव होती, आणि कीव आहे तिथे सहसा खोटे असते, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

सहा नावे झाली. सात, आठ. सवय लागत गेली. हाताला काम कळले की मन मोकळे होते, आणि मोकळ्या मनात त्यांना सहीचे पान दिसू लागले. हे माझे स्वतःचे काम आहे, याखाली करायची सही, आणि मस्कतच्या कचेरीत कोणीतरी उलगडून पाहील त्या पानावर करायची सही. दोन्ही सह्या एकाच हाताच्या. दोन्ही करता येणार नाहीत असे काही नव्हते. आभाराच्या पानावर एक ओळ घातली की पुरले असते, मार्गदर्शकही काही म्हणाले नसते. मग ती ओळ अकरा वर्षांत कधीच का लिहिली गेली नाही? ती लिहिली असती तर पुढचे वाक्य लिहावे लागले असते. चित्रे कोणी काढली यानंतर, दोन मासे दोन आहेत हे कोणी पाहिले. एका नावाच्या मागोमाग दुसरे सत्य येते, म्हणून पहिल्याच नावाशी दार लावायचे. हे त्यांना इतक्या स्वच्छपणे दिसले की त्यात दुःखही उरले नाही. आरशात आपल्याला टक्कल पडले आहे हे एके दिवशी दिसते, तेवढेच.

चौदावे चित्र आले. म्हणजे पंधरावे. पडद्यावर चित्र नव्हते, चित्रासाठी सोडलेली कोरी जागा होती. वीसेक ओळींचा अंधार, आणि त्याखाली अक्षरे. दोन निवटी, डावी बाजू, वरील, उभ्या परांचा, खालील, ठिपक्यांचा, राजिवडा, रेखाटन कमाल होडेकर. त्या अंधाराकडे ते पाहत राहिले. त्यात परात होती, खिडकीतून तिरका येणारा उजेड होता, टाकाची कुरकुर होती, बारा, तेरा, चौदा असे काटे मोजणारा आवाज होता, आणि एक न हलणारी पिन. त्यांनी बोट कळीवर ठेवले. बोट तिथेच राहिले. खाली दुकानाची फळी लावल्याचा आवाज आला. आप्पांनी काचेवर टकटक केले, घड्याळाकडे बोट दाखवले, साडेसहा, आणि चालू द्या चालू द्या असा हात करून ते किल्ल्या टेबलावर ठेवून जिना उतरून गेले.

सरांनी त्या दोन कळा एकदम दाबल्या. यंत्र बाहेर पडले नाही. पडद्याच्या वरच्या कडेला त्याने एक ओळ आणून ठेवली. केलेले बदल टाकून द्यायचे का, हो किंवा नाही. खाली ती आडवी रेघ लुकलुकू लागली. हो म्हटले की काढलेली नावे आपापल्या जागी परत येतील. नाही म्हटले की उरलेल्या नावांकडे पुन्हा जावे लागेल. इतका सरळ प्रश्न त्यांना अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी मान वळवली. नसीमा दाराशीच होती. ती त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती, आणि ती ओळ तिने वाचली असणार, कारण तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले आणि थांबले. आता काहीतरी बोलले पाहिजे होते. क्षमा हा शब्द त्यांच्या जवळ आला, आणि तो इतका वापरलेला वाटला की त्यांनी त्याला जाऊ दिले. काय दाबू, असे विचारता आले असते. पण ते विचारणे म्हणजे तिच्याकडून पुन्हा पिन धरून घेणे झाले असते.

“कमाल अजून काढतो का,” त्यांनी विचारले, “निवटी?”

तिने ओढणीचे टोक हातावर घेतले. पर्सचा बंद खांद्यावर चढवला आणि टेबलावरच्या किल्ल्या त्यांच्या कोपराशी, कळफलकाच्या शेजारी, आणून ठेवल्या; कुलूप आता त्यांनीच लावायचे होते. काचेचे दार तिच्या मागे सावकाश लोटले गेले. बाहेर टोपी घातलेल्या टंकयंत्रांपाशी ती क्षणभर दिसली. न वाकता, पायानेच चपला शोधताना. मग जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजल्या, एकीमागून एक, खालपर्यंत.